मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?

पत्र असं आहे:

“नाशिकला आम्ही मोठी माणसं सहा जण एकत्र राहतो. सासूबाईंना (वय ६६) दहा वर्षांपासून बीपी आहे, टेल्मिसार्टनची गोळी चालू आहे. सासऱ्यांना (वय ७२) साखर आहे आणि गेल्या तपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं आलं. धाकट्या जावेला चौथा महिना आहे. गेल्या दिवाळीपासून सासूबाईंनी पांढरं मीठ घरातून हद्दपार केलंय. पांढरं मीठ म्हणजे केमिकल, त्यातल्या आयोडीनमुळे घरोघरी थायरॉईड झालाय, सैंधवात ८४ खनिजं असतात, शिवाय ते आयुर्वेदिक, असं त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलं होतं. आता पोळीपासून आमटीपर्यंत सगळं सैंधवात. परवा दिरांनी ‘लो सोडियम’ मिठाचा पुडा आणून ठेवला, बीपीला हेच चांगलं म्हणून. ओट्यावर तीन डबे झालेत. स्वयंपाक मी करते आणि रोज कुणीतरी रुसतं. वर सैंधव महाग. पांढरं मीठ होतं तेव्हा महिन्याला दीड किलो पुरायचं, सैंधव दोन किलो लागतं. कुठल्या डब्यात हात घालू? – गोंधळलेली थोरली सून”

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही खर्चाची तक्रार म्हणून शेवटी लिहून टाकलंय. दीड किलो पुरायचं, आता दोन किलो लागतं. मी पत्र बाजूला ठेवलं आणि आधी हिशेब मांडला.

महिन्याला दीड किलो म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम. सहा माणसांत वाटलं तर माणशी साधारण ८ ग्रॅम. योगायोग बघा, २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मोठ्या माणसांचं रोजचं सरासरी मीठ नेमकं ८ ग्रॅमच निघालं होतं. पुरुषांचं ८.९, बायकांचं ७.१. हे आकडे लघवी तपासून काढलेत, कारण ‘तुम्ही मीठ किती खाता?’ या प्रश्नाला कुणालाच खरं उत्तर देता येत नाही. मलाही नाही. खाल्लेल्या सोडियमचा बहुतेक भाग लघवीवाटे बाहेर पडतो, त्यामुळे तिथे लपवाछपवी चालत नाही. म्हणजे पांढऱ्या मिठाच्या दिवसांत तुमचं घर अगदी भारतीय सरासरीवर होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मात्र दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे. चहाचा एक चमचा, तोही सपाट. दिवसभराचं सगळं त्यात आलं: आमटी, भाजी, कोशिंबीर, लोणचं, पापड, बाहेरचा वडापाव.

आता दोन किलोचा हिशेब. दिवसाला साडेसहासष्ट ग्रॅम, माणशी ११. थोडं मीठ भाज्या धुण्यात आणि गुळण्यांत जातं हे धरलं, तरी तब्येतीसाठी केलेल्या बदलानं घरातलं मीठ दीडपट-दुप्पट नाही, पण सरळ तिसऱ्या हिश्श्यानं वाढलंय. बदलाच्या आधी आणि नंतरचे बीपीचे आकडे एकदा शेजारी ठेवून बघा.

हे का झालं, तेही सांगते. सैंधवाची पूड बहुतेक वेळा जाडसर असते, जिभेवर ती सावकाश विरघळते, त्यामुळे खारटपणा लगेच जाणवत नाही. हात आपोआप पुन्हा डब्यात जातो. त्यातून ‘हे चांगलं मीठ’ असं एकदा मनात बसलं की हात सैलच सुटतो. चिमटीचा तर काही भरवसाच नाही. मी एकदा स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर माझ्या दहा चिमटी मोजल्या, सहा ग्रॅम भरल्या. माझ्या सासूबाईंच्या दहा चिमटी अकरा ग्रॅम. एकच घर, एकच डबा, आणि दोघी आयुष्यभर ‘चिमूटभर’च म्हणत आलोय.

सैंधवातल्या खनिजांबद्दल. त्यात ती असतात, खोटं नाही. पण मीठ मग ते सैंधव असो, मिठागरातलं असो की कारखान्यातलं, त्यातलं ९७-९८ टक्के म्हणजे सोडियम क्लोराईडच. उरलेल्या दोन-अडीच टक्क्यांत ती ८४ का काय असतील ती सगळी. ५ ग्रॅम सैंधवात हा उरलेला ऐवज जेमतेम सव्वाशे मिलिग्रॅम, त्यातही बरेचसे गंधकाचे क्षार आणि थोडी मातीच. कॅल्शियम हवं असेल तर नाचणीच्या एका भाकरीत, म्हणजे ५० ग्रॅम पिठात, पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि त्या भाकरीला मीठ लागतही नाही. तो गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. रंग यायला पुरेसा, पंडुरोग जायला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांत रक्त कमी आढळलं. ते लोह मिठाच्या डब्यातून भरून निघणारं नाही. त्यासाठी पालेभाजी, कडधान्यं, वर पिळलेलं लिंबू, अंडी-मांस खात असाल तर ते, आणि जावेला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या.

आणि एक खनिज मात्र सैंधव आणताना तुमच्या घरातून चुपचाप बाहेर गेलं. आयोडीन.

जावेच्या दृष्टीनं हा पत्रातला सगळ्यात गंभीर भाग आहे, म्हणून इथे जरा थांबते. आपल्या देशाच्या मातीत आयोडीन कमी आहे. पाऊस आणि पूर ते शतकानुशतकं धुऊन नेतात, मग धान्यात नाही, भाजीत नाही आणि माणसातही नाही. हिमालयाच्या पायथ्याशी तर गळ्याला गाठ असलेली माणसं इतकी होती की ती नेहमीची गोष्ट समजली जायची. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात प्रयोग सुरू केला. काही भागात आयोडीन घातलेलं मीठ, काही भागात साधं. पाच-सहा वर्षांत आयोडीनचं मीठ मिळालेल्या भागांत गलगंडाचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. त्याच बळावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि १९८० च्या दशकात सगळ्याच खाण्याच्या मिठात आयोडीन घालायचं धोरण ठरलं. मीठच का? कारण गरीब-श्रीमंत सगळे ते रोज खातात आणि कुणीही एकदम वाटीभर खात नाही. ज्याला सासूबाईंचा ग्रुप केमिकल म्हणतो, ते हे.

गळ्याची गाठ निदान दिसते तरी. गरोदरपणात आयोडीन कमी पडलं तर नुकसान दिसत नाही, ते बाळाच्या मेंदूच्या वाढीत होतं. पहिल्या काही महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी तयार नसते, ते आईच्याच संप्रेरकावर वाढत असतं. साध्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. आपल्या कायद्यानुसार ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असायला हवं. साध्या सैंधवात ते नसल्यातच जमा.

घाबरून जाऊ नका, आणि जावेलाही घाबरवू नका. ती दूध-दही, अंडी, मासे खात असेल तर थोडं आयोडीन तिथूनही मिळालेलं असतं. पण पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दिवाळीपासून घरात आयोडीन नसलेलं मीठ आहे. थायरॉईडची तपासणी झाली नसेल तर ते करून घेतील, आणि तिच्या गोळ्यांत आयोडीन आहे की नाही तेही बघतील. मीठ मात्र आजपासूनच बदला. यासाठी डॉक्टरांच्या तारखेची वाट बघायची गरज नाही.

‘आयोडीनमुळे थायरॉईड झाला’ याबद्दल: आयोडीन कमी पडलं तर थायरॉईड बिघडतं, फार जास्त झालं तरी काहींचं बिघडू शकतं. पण स्वयंपाकाच्या मिठातून मिळणारं आयोडीन त्या ‘फार जास्त’च्या जवळपासही जात नाही. आधीपासून थायरॉईडचा आजार असलेल्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावं, ग्रुपला नाही. (कोकणातल्या वाचकांसाठी जाता जाता: मिठागरातल्या खड्यामिठात समुद्रामुळे आयोडीन भरपूर असतं, हाही गैरसमजच. मासळीत असतं, खड्यात फारसं नसतं.)

आता दिरांचा डबा. त्यांचा हेतू चांगला आहे आणि कल्पना फुसकी नाही. लो सोडियम मिठात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घालतात. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर मोठा प्रयोग झाला, तीन भाग साधं मीठ आणि एक भाग पोटॅशियमचं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. आपल्या जेवणात सोडियम जास्त आणि पोटॅशियम कमी असतं, त्यामुळे हे मीठ दोन्हीकडून काम करतं. २०२५ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनंही अशा मिठाची शिफारस केली.

पण त्याच शिफारशीत तीन अपवाद आहेत: मुलं, गरोदर बायका आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेली माणसं. जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकणं हे मूत्रपिंडाचं काम. ते थकलेलं असेल तर पोटॅशियम रक्तात साचतं आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. तुमच्या घरी क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजे मूत्रपिंड थकत असण्याची शक्यता असलेले सासरे आहेत, गरोदर जाऊ आहे, आणि सासूबाईंची टेल्मिसार्टन ही गोळीच मुळात शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारी आहे. सहातले तिघे या मिठापासून लांब राहायला हवेत. हा डबा ओट्यावर नकोच. सासूबाईंच्या डॉक्टरांनी रक्तातलं पोटॅशियम तपासून हो म्हटलं तर त्यांच्या एकट्यांसाठी वेगळा, नाही तर नाही. एका कुकरच्या घरात असं वेगळं काढणं किती जमतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

म्हणून माझं उत्तर: डबा एकच ठेवा, आयोडीनच्या मिठाचा. पुड्यावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं बघून घ्या. सासूबाईंचं मन अगदीच मोडवत नसेल तर आयोडीन घातलेलं सैंधवही काही कंपन्या विकतात, ते आणा. उपासाला त्यांचं नेहमीचं सैंधव असू द्या, त्यावरून भांडू नका. डबा झाकणाचा असावा आणि गॅसशेजारी नसावा. वाफ आणि ओल लागली की आयोडीन उडतं, आणि आपल्याकडे मिठाचा डबा नेमका फोडणीच्या कढईला टेकून बसलेला असतो.

त्यानंतर प्रमाण. नवा पुडा फोडाल तेव्हा पेनानं त्यावर तारीख टाका. सहा जणांना माणशी ५ ग्रॅम धरलं तर किलोचा पुडा ३३ दिवस पुरायला हवा. बाहेरचं खाणं आणि विकतचे पदार्थ धरले तर खरं तर चाळीसच्या पुढे जायला हवा. पहिल्याच महिन्यात तिथे पोचायची घाई नको. जिभेला सवय मोडायला काही आठवडे लागतात. एकदम आळणी वाढलंत तर दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या ताटाशेजारी वाटी येईल आणि पुडा आणखी लवकर संपेल.

सुरुवात कणकेपासून करा. तुमच्याकडे पोळीतही सैंधव जातं असं तुम्ही लिहिलंय, ते थांबवलं तर चार दिवसांत कुणाच्या लक्षातही येणार नाही. भाकरी तर आपल्याकडे आळणीच थापतात, आणि ठेचा-पिठल्याबरोबर ती कुणाला बेचव लागलेली नाही. दुसरं म्हणजे पानात मीठ वाढायची पद्धत. सणाच्या पानात ते हवं, ती आपली रीत आहे. रोजच्या जेवणात टेबलावरची मिठाची वाटी तेवढी उचला. तिसरं, आमटी आणि भाजीला चिमटीऐवजी मोजायचा छोटा चमचा. लिंबू, आमसूल, कोथिंबीर, ओलं खोबरं, लसणाची फोडणी यांचा हात सैल ठेवा. आंबट-तिखट नीट लागलं की जीभ मीठ कमी मागते.

इंग्लंड-अमेरिकेत मिठाचा मोठा हिस्सा कारखान्यातल्या तयार अन्नातून पोटात जातो, तिथे घरची चिमूट सुधारून फारसं हाती लागत नाही. आपल्याकडे अजून बरंचसं मीठ घरच्याच डब्यातून जातं, म्हणजे किल्ली तुमच्या हातात आहे. तरी चोरवाटा आहेतच. एक चमचा लोणच्यातून दीड-दोन ग्रॅम मीठ सहज जातं. मीठ नीट पडलं नाही तर लोणचं टिकत नाही, त्यामुळे तिथे काटकसर चालायची नाही, फोड छोटी घ्यायची. उडदाच्या एका पापडात अर्ध्या ग्रॅम मिठाइतकं सोडियम असतं, आणि ते सगळं मिठातून आलेलं नसतं. पापडखार म्हणजेही सोडियमच. ढोकळ्यातला सोडा तसाच, ॲसिडिटीवर पाण्यात फसफसवून घेतात ती पावडरही तशीच. सासूबाई ती रोज घेत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. एका पावात अर्धा ग्रॅमच्या आसपास मीठ, मग नाशिकच्या मिसळीचं, वरच्या शेवेसकट, तुम्हीच ठरवा. महिन्यातून एकदा खायला माझी हरकत नाही. मीही खाते.

यातून काय मिळेल? रोजचं मीठ साडेचार ग्रॅमच्या आसपास कमी केलेल्या बीपीच्या लोकांत वरचा आकडा सरासरी पाचेक अंकांनी उतरलेला दिसलाय. तुमच्या घरी ११ वरून आधी सहा-साडेसहावर यायचंय, म्हणजे तेवढंच. गोळी बंद करण्याइतकं ते नाही, आणि गोळी स्वतःच्या मनानं कमी करू नका. उलट टोकही नको. सासूबाईंना जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मीठ पूर्ण तोडल्यानं रक्तातलं सोडियम खाली घसरतं, आणि या वयात त्यानं चक्कर येते, माणूस गोंधळतो. कमी करायचंय, बंद नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी विज्ञानाच्या बाजूनं वाद घालू नका, त्यांच्याच बाजूनं बोला. चरकसंहितेत सैंधव सगळ्या लवणांत श्रेष्ठ म्हटलंय, हे आधी मान्य करा. मग त्याच संहितेतल्या विमानस्थान या भागाचा पहिलाच अध्याय काढा. तीन गोष्टी जास्त वापरू नयेत असं तिथे स्पष्ट सांगितलंय: पिंपळी, क्षार आणि लवण. त्यापुढची ओळ मला फार आवडते. बाल्हिक, सौराष्ट्र, सिंधुदेश आणि सौवीर इथली माणसं दुधाबरोबरसुद्धा मीठ खातात, आणि म्हणून ती मरगळलेली, शिथिल अंगाची आणि कष्ट न सोसणारी असतात, असं तिथे म्हटलंय. अख्ख्या प्रदेशाच्या मिठावर बोट ठेवणारा मजकूर, आणि त्यात सिंधुदेश, जिथून सैंधवाला नाव मिळालं तोच! सासूबाईंच्या भजनी मंडळात हे वाचून दाखवायची हिंमत तुमच्यात असेल तर जरूर दाखवा. नसेल तर जावेच्या बाळाचं नाव पुढे करा. नातवंडाच्या मेंदूचा विषय निघाला की नाशिकच काय, कुठलीच आजी ग्रुपचं ऐकत नाही.

पुडा संपला की दोन तारखा मला कळवा, फोडल्याची आणि संपल्याची.